शुक्रावर उतरलेल्या पहिल्या यानांना नेमकं काय नडलं : उष्णता, दाब की आणखी काही?

बंदरकाठ_रत्नागिरी:

मंडळी, एक विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, तो इथे मांडतो. माझं बोटींच्या इंजिनांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. मासेमारीची बंदी चालू आहे, बोटी वर ओढून शाकारल्यात, त्यामुळे रात्री वाचायला सवड मिळते. सध्या सोव्हिएत रशियाच्या व्हेनेरा यानांबद्दल हाताला लागेल ते वाचतोय आणि अक्षरशः भारावून गेलोय.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: शुक्राच्या जमिनीवर तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे विचार करा. हवेचा दाब आपल्या इथल्याच्या ९० पट. समुद्रात साधारण ९०० मीटर खोल गेल्यावर जेवढा दाब लागेल तेवढा. हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड आणि वर ढग सल्फ्युरिक ॲसिडचे. अशा जागी १५ डिसेंबर १९७० ला व्हेनेरा ७ उतरलं आणि तिथून बोललं. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेला तो पहिला संदेश. पुढे १ मार्च १९८२ ला व्हेनेरा १३ उतरलं. ३२ मिनिटं चालावं असं नियोजन होतं, ते १२७ मिनिटं चाललं. तिथल्या जमिनीवर त्याहून जास्त वेळ आजवर कुठल्याच यानाने काम केलेलं नाही.

माझं मत असं की दाब हा सुटणारा प्रश्न आहे. गोळ्याचा आकार घ्या, टायटॅनियम घ्या, भिंत जाड करा, हिशेब जुळला की झालं. उष्णतेचं तसं नाही. कितीही जाड अस्तर लावा, ती आत शिरणारच. तुम्ही फक्त तिला उशीर करू शकता. इंजिनाला समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपात रबरी इंपेलर असतो. त्याची पाती तुटली की पाणी थांबतं आणि इंजिन तापतं. त्या वेळी लोखंडाला लगेच काही होत नाही. आधी जातात ऑइल सील, रबरी होस आणि वायरीचं आवरण. व्हेनेराच्या बाबतीत तर कूलिंगला पाणी नाहीच, आणि आतली उष्णता बाहेर टाकावी म्हटलं तर बाहेर आतल्यापेक्षा जास्त गरम.

तर खरा शत्रू उष्णता, असं मी म्हणतो. कोणाचं वेगळं मत असेल तर बिनधास्त खोडून काढा.

सुरूची_बाग:

वाचतेय. फार दिवसांनी असा धागा आला.

तारामास्तर_देवगड:

बंदरकाठ, धागा आवडला. शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे गप्प बसवत नाही. माझं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे. सुरुवातीच्या यानांना उष्णतेनेही मारलं नाही आणि दाबानेही नाही. त्यांना मारलं माहिती नसण्याने.

जरा १९६० च्या दशकात जाऊन बघा. शुक्र कायम ढगात. दुर्बिणीतून जमीन दिसत नाही. काही शास्त्रज्ञ म्हणायचे खाली समुद्र असेल, काही म्हणायचे वाळवंट. १९५६ साली रेडिओ दुर्बिणींनी तिकडून खूप जास्त तापमानाचे संकेत पकडले होते, पण ते जमिनीचे की वरच्या विद्युतभारित थराचे यावर वाद चालू होता. डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकेचं मरिनर २ शुक्राजवळून सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून गेलं आणि उष्णता खालूनच येते याकडे काटा झुकला. तरी दाबाचा आकडा कोणाकडेच नव्हता.

अशा परिस्थितीत तुम्ही कुपी, म्हणजे यानाचा खाली उतरणारा भाग, बनवणार कशी? व्हेनेरा ४ मध्ये पाण्यात पडण्याचीही तयारी ठेवली होती. अँटेना मोकळी करणारं एक कुलूप साखरेचं बनवलं होतं. यान पाण्यात पडलं तर साखर विरघळावी आणि अँटेना सुटावी म्हणून. एकीकडे समुद्राची तयारी आणि दुसरीकडे भट्टीची. हा मूर्खपणा नव्हता. माहिती नसताना प्रामाणिक अभियंता दोन्ही शक्यता धरतो.

१८ ऑक्टोबर १९६७ ला ती कुपी शुक्राच्या हवेत शिरली आणि दुसऱ्या ग्रहाच्या वातावरणातून मोजमाप पाठवणारं पहिलं यान ठरली. सुमारे २२ वातावरण (म्हणजे पृथ्वीवरच्या हवेच्या २२ पट) दाब आणि २६० अंशांच्या वर तापमान एवढं कळवून ती गप्प झाली. आधी सोव्हिएत लोकांना वाटलं, जमिनीला पोचलीच. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचं मरिनर ५ तिथून गेलं. त्याचे रेडिओ संकेत शुक्राच्या हवेतून वाकून आले, त्यांची पृथ्वीवरच्या रडार मोजमापांशी सांगड घातल्यावर हिशेब जुळेना. कुपी बंद पडली तेव्हा जमीन अजून वीसेक किलोमीटर खाली होती!

मालवणी_मेवा:

काय रे बा, साखरेचा कुलूप? आमच्याकडे पावसात साखरेचो डबो उघडो रवलो तर सकाळी साखरेक पाणी सुटता. रशियात हवा कोरडी म्हणान चालला असात.

सुरूची_बाग:

मेवा 😄 तुमच्या घरातून ते यान उडालंच नसतं.

सर्किट_चिपळूण:

तारामास्तर सर, पुढचंही लिहा ना. व्हेनेरा ५ आणि ६ चं मला विशेष वाटतं.

तारामास्तर_देवगड:

लिहितो. व्हेनेरा ४ ची माहिती पूर्ण पचेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. शुक्राकडे जायची संधी साधारण १९ महिन्यांनी एकदा येते, त्यामुळे पुढची यानं तोपर्यंत तयार व्हायला आली होती. त्यांनी कुपी २५ वातावरणापर्यंत टिकेल अशी मजबूत केली आणि पॅराशूट मुद्दाम लहान केलं. म्हणजे ती लवकर खाली येईल आणि तापून मरायच्या आत जास्त खोलवरची माहिती देईल. मे १९६९ मध्ये लागोपाठच्या दोन दिवशी ५ आणि ६ खाली गेली. प्रत्येकी पन्नास मिनिटांच्या वर बोलली आणि जमिनीला लागण्याआधीच चेपली गेली. म्हणजे बंदरकाठ, तुम्ही म्हणता तो ‘सुटणारा’ दाबच त्यांना खाऊन गेला. सुटणारा खरा, पण आकडा माहीत असेल तर.

व्हेनेरा ७ च्या वेळी मात्र त्यांनी ठरवलं की आता अंदाज लावत बसायचं नाही. टायटॅनियमची कुपी, १८० वातावरण आणि ५४० अंशांसाठी. गरजेच्या दुप्पट मजबूत. त्यासाठी वजन खर्ची पडलं, उपकरणं जवळजवळ सगळी काढली. दाब आणि तापमान मोजायचं, बस्स. आणि झालं काय, तर दोन्ही मोजमापं आलटून पालटून पाठवणारा स्विच मध्येच अडकला आणि फक्त तापमान येत राहिलं. ४७५ अंश. दाब नंतर त्यावरून आणि खाली येण्याच्या वेगावरून गणिताने काढावा लागला.

बंदरकाठ_रत्नागिरी:

सर, हे फार छान सांगितलंत. आणि त्या पॅराशूटचीही गंमत आहे. सुरुवातीला ते दोरीने आवळलेलं होतं, म्हणजे यान वरच्या थरांतून वेगात खाली यावं. पुढे हवा तापली की दोरी वितळायची आणि पॅराशूट पूर्ण उघडायचं. टायमर नाही, मोटर नाही, उष्णतेलाच कामाला लावलं! दुर्दैवाने नंतर पॅराशूट फाटलं आणि यान सेकंदाला १६-१७ मीटर वेगाने जमिनीवर आदळलं. एवढी जाड हवा नसती तर तुकडे झाले असते. सिग्नल गेला, लोकांनी यान मेलं समजून सोडून दिलं. नंतर टेप पुन्हा तपासताना खरखरीच्या आत नेहमीच्या एक टक्का ताकदीचा सिग्नल सापडला, २३ मिनिटांचा. बहुधा यान कलंडलं आणि अँटेनाचं तोंड भलतीकडे गेलं. ज्यांनी ती टेप फेकून न देता पुन्हा ऐकली त्यांना माझा दंडवत.

अलिबागची_अनु:

मला यात मंगळाची बाजू आणायची आहे, कारण तिथे नेमकं उलट झालं.

मंगळाच्या हवेचा दाब ८५ मिलिबार असावा असं १९५० च्या दशकात धरलं जायचं. म्हणजे पृथ्वीच्या बाराव्या हिश्श्याच्या आसपास. तेवढ्या हवेत मोठं पॅराशूट लावून उतरता येईल असे आराखडे तयार होत होते. मग १९६३ मध्ये दुर्बिणीच्या मोजमापांनी तो आकडा बराच खाली आला आणि जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ जवळून गेलं तेव्हा निघाला फक्त ४ ते ७ मिलिबार. नुसत्या पॅराशूटवर उतरण्याची कल्पना तिथेच मोडीत निघाली. शुक्राची हवा निघाली अंदाजापेक्षा कितीतरी दाट आणि मंगळाची निघाली कितीतरी विरळ. दोन्हीकडे अभियंत्यांना कोऱ्या कागदावर पुन्हा सुरुवात करावी लागली. म्हणून माझं मत तारामास्तर सरांच्या बाजूने.

मरिनर ४ चा वेग बघा: सेकंदाला ८⅓ बिट. एक फोटो २०० गुणिले २०० ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपक्याला ६ बिट, म्हणजे २ लाख ४० हजार बिट. भागाकार करा, एका फोटोला आठ तास. तेवढा वेळ दम न धरवल्यामुळे प्रयोगशाळेतल्या लोकांनी आलेले आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापले, पट्ट्या भिंतीवर लावल्या आणि खडूने आकड्यांप्रमाणे रंग भरले. मंगळाचं अवकाशातून टिपलेलं पहिलं चित्र हाताने रंगवलेलं आहे.

दापोलीची_आई:

अनु, हे लेकीला वाचून दाखवलं. ती सहावीत आहे. लगेच वही घेऊन बसली, तिला पण आकड्यांवरून चित्र रंगवायचंय. तिचा एक प्रश्न: शुक्रावर उतरलेल्या यानाने फोटो काढले का, आणि तिथली जमीन आपल्या कोकणातल्या कातळाच्या सड्यासारखी आहे का?

सर्किट_चिपळूण:

लेकीला सांगा, काढले. २२ ऑक्टोबर १९७५ ला व्हेनेरा ९ ने दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरचा पहिला फोटो पाठवला. तीन दिवसांनी व्हेनेरा १० ने. त्याआधी १९७२ मध्ये व्हेनेरा ८ ने खाली किती उजेड पोचतो ते मोजलं होतं. ढगाळ दिवशी असतो तसा, कॅमेऱ्याला पुरेसा. तरीही ९ आणि १० वर विजेचे दिवे लावून पाठवले होते, न जाणो.

कॅमेरा आजच्यासारखा नव्हता. तो कुपीच्या आत सुरक्षित ठिकाणी. बाहेर जाड क्वार्ट्झची खिडकी. आत एक आरसा खालीवर हलत जमिनीची एकेक उभी ओळ टिपायचा आणि हळूहळू बाजूला सरकायचा. अशा ओळी जोडून चित्र. आणि हो, लेन्सवर झाकणं होती, ती उतरल्यावर उडून जायला हवी होती. ९ आणि १० दोन्हींवर दोनपैकी एकेक झाकण उघडलंच नाही, त्यामुळे सबंध गोल दृश्याऐवजी अर्धंच मिळालं. १९७८ मध्ये व्हेनेरा ११ आणि १२ वर तर एकही झाकण उघडलं नाही. दोन यानं शुक्रापर्यंत नेली, नीट उतरवली, आणि फोटो शून्य. १९८२ ला १३ आणि १४ वर झाकणं उघडली, रंगीत फोटो आले. पण १४ चं झाकण पडलं नेमकं जमिनीची ताकद मोजणाऱ्या दांड्याच्या खाली. त्या दांड्याने शुक्राच्या जमिनीऐवजी पृथ्वीवरून नेलेलं झाकण मोजलं.

मालवणी_मेवा:

अरे देवा. एवढ्या लांब जावन!

कातळ_राजापूर:

सड्याच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, भूशास्त्र माझा विषय.

व्हेनेरा १३ आणि १४ च्या फोटोंत सपाट, थरांच्या, फुटलेल्या शिळा दिसतात. लांबून आपल्या सड्याची आठवण येणं साहजिक आहे. पण आपला सडा जांभ्याचा. मुळात खाली दख्खनचा बेसॉल्ट. लाखो वर्षं पाऊस पडत राहिला, त्यातलं सिलिका आणि बाकीचं धुऊन गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. पाणी नाही तिथे जांभा नाही. शुक्रावर पाऊसच जमिनीला लागत नाही, वरचे ॲसिडचे थेंबसुद्धा खाली येईपर्यंत उष्णतेने विरून जातात. त्यामुळे तिथे धुऊन निघालेला दगड मिळणार नाही. मिळाला तो बेसॉल्टच्या कुळातला. म्हणजे सड्याशी नातं आहेच, पण जांभ्याशी नाही, त्याच्या खालच्या काळ्या दगडाशी.

आणखी एक. फोटोंत सगळं नारिंगी दिसतं. ते दगडाचा रंग म्हणून नव्हे, तर दाट हवा निळा उजेड गाळून टाकते म्हणून. पांढऱ्या उजेडात बघितलं तर ते दगड करडे दिसतील.

दगडाची परीक्षा कशी केली ते ऐकून बंदरकाठ नक्की खूश होतील. यानाने जमिनीत ड्रिल घातलं. नमुना आत घेताना कुपीत ९० वातावरणाचा दाब शिरू द्यायचा नाही. म्हणून पायरीपायरीने छोटे स्फोटक पडदे फोडून, बाहेरच्या दाबाच्याच जोरावर भुगा एका नळीतून आत ढकलला आणि शेवटी तो विरळ हवेच्या कप्प्यात आणून क्ष-किरणांनी तपासला. हे सगळं काही मिनिटांत.

बंदरकाठ_रत्नागिरी:

खूश? मी उठून उभा राहिलो! त्या ड्रिलबद्दल मी असं वाचलंय की त्याच्या भागांतली मोकळीक थंडपणी बरोबर नव्हतीच. ५०० अंशांच्या आसपास तापून धातू फुगला की मगच सगळे भाग एकमेकांत नीट बसायचे. म्हणजे कारखान्यात ते हाताने फिरवून बघितलं तर सदोष वाटावं. असं यंत्र बनवणारा माणूस काय ताकदीचा असेल! पृथ्वीवर नीट चालणं ही त्याची कसोटीच नव्हती.

वेंगुर्ला_वारा:

माहिती चांगली आहे, पण मला एक कळत नाही. एवढा पैसा ओतून दोन तासांचे आकडे आणि चार फोटो. आपल्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते, आणि आपण शुक्राच्या गप्पा मारतोय. याचा कोकणातल्या माणसाला उपयोग काय?

अलिबागची_अनु:

वारा, लाइटची तक्रार शंभर टक्के खरी, आमच्याकडेही तेच. पण दोन्ही गोष्टींचा पैसा एका खिशातला नाही. आणि उपयोग म्हणाल तर कार्बन डायऑक्साइडने ग्रह कसा तापतो याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण शुक्र आहे. सूर्याजवळचा बुध, पण त्याच्याहून शुक्र जास्त तापलेला. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने हा विषय समजून घ्यायलाच हवा.

तारामास्तर_देवगड:

अनु यांना अनुमोदन. शिवाय आपलंही यान जायचं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये शुक्राच्या कक्षेत फिरणाऱ्या यानाला १२३६ कोटींची मंजुरी दिली, उड्डाणाचं नियोजन मार्च २०२८ चं. ते खाली उतरणार नाही, वरून बघणार. पण वरून बघणाऱ्यालाही खाली काय आहे ते या जुन्या यानांनीच सांगितलं.

सर्किट_चिपळूण:

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझा धंदा इलेक्ट्रॉनिक्सचा, त्यामुळे उष्णतेच्या बाजूने बोलतो.

नेहमीच्या कथील-शिशाच्या सोल्डरचा वितळबिंदू १८३ अंश. साधी सिलिकॉन चिप त्याच्या जरा इकडेतिकडेच हात टेकते, कारण ठरावीक तापमानानंतर सिलिकॉनमध्ये इतके इलेक्ट्रॉन आपोआप सुटे होतात की स्विच बंद असूनही वीज वाहायला लागते. म्हणजे चिप वितळत नाही, तिचं डोकं चालेनासं होतं. मग उपाय एकच, तिला थंड ठेवणं. व्हेनेरावाल्यांनी तीन गोष्टी केल्या. एक, शिरण्याआधीच कुपी गोठणबिंदूच्या खाली नेली. व्हेनेरा ७ उणे ८ अंशांपर्यंत थंड करून सोडलं होतं. दोन, भोवती जाड उष्णतारोधक थर. तीन, आत लिथियम नायट्रेटचा एक क्षार ठेवला, जो ३० अंशांच्या आसपास वितळतो आणि वितळताना भरपूर उष्णता पिऊन टाकतो. आतल्या पंख्याने हवा फिरवत ठेवायची, म्हणजे उष्णता त्या क्षाराकडे जात राहील.

बंदरकाठ_रत्नागिरी:

हे मी बोटीवरच्या पोरांना एका वाक्यात समजावलं: मासळीची पेटी. थर्माकोल म्हणजे तो जाड थर, आणि बर्फ म्हणजे तो क्षार. जोवर बर्फ आहे तोवर मासळी ताजी. बर्फ संपला की पेटी कितीही चांगली असू दे, खेळ खलास. म्हणूनच म्हणतो, उष्णतेला हरवता येत नाही, तिला फक्त ताटकळत ठेवता येतं.

सुरूची_बाग:

पेटीचं एकदम पटलं.

तारामास्तर_देवगड:

पटलं मलाही. पण आता मी एक वेगळी गोष्ट पुढे ठेवतो, तुमच्या दोन तासांच्या मुद्द्यावर.

व्हेनेरा ९ जमिनीवरून ५३ मिनिटं बोललं आणि व्हेनेरा १० ६५ मिनिटं. लोक म्हणतात, इतकीच टिकली. पण ही यानं थेट पृथ्वीशी बोलत नव्हती. खाली उतरलेलं यान वर शुक्राभोवती फिरणाऱ्या यानाला सांगायचं आणि वरचं पृथ्वीला. वरचं यान पुढे निघून क्षितिजाखाली गेलं की संपलं. ९ आणि १० चं बोलणं थांबलं ते वरचं यान नजरेआड गेल्यामुळे. खालचं त्या क्षणी जिवंत होतं! पुढे किती वेळ चाललं असेल, ऐकायला कोणी नव्हतं.

वरून बोलण्याची ही पद्धत मुद्दाम घेतली होती, कारण त्यामुळे खालून जास्त माहिती पाठवता येत होती. थेट पृथ्वीशी बोलायचं तर यान पृथ्वी दिसेल अशाच बाजूला उतरवावं लागे आणि सिग्नल क्षीण. म्हणजे वेळेचा प्रश्न नुसता उष्णतेचा नव्हता, दळणवळणाचाही होता.

बंदरकाठ_रत्नागिरी:

सर, हे मला नवीन आहे. म्हणजे ९ आणि १० च्या बाबतीत मिनिटं मोजून टिकाऊपणा ठरवणं चूकच. बरं, मग अमेरिकेच्या पायोनियर व्हीनसचं काय? १९७८ ला त्यांनी चार प्रोब, म्हणजे हवेत खाली सोडायच्या कुप्या, सोडले होते ना?

सर्किट_चिपळूण:

हो, ९ डिसेंबर १९७८. त्यातला एक मोठा, तीन लहान. एकही जमिनीवर टिकावा म्हणून बनवलेला नव्हता, तरी दिवसाच्या बाजूचा लहान प्रोब आदळूनही ६७ मिनिटं बोलत राहिला. मोठ्यावर अवरक्त किरणं मोजणारं उपकरण होतं, त्याच्या खिडकीला खराखुरा हिरा लावला होता. उष्णता, दाब आणि ॲसिड सोसून अवरक्त किरणंही आत सोडील असा दुसरा पदार्थ मिळेना.

पण तुमच्या पहिल्या पोस्टमधला वायरीचा मुद्दा आठवतोय? साधारण १२ किलोमीटर उंचीवर आल्यावर त्या चारही प्रोबचे बाहेरचे तापमापक बंद पडले. चारही, वेगवेगळ्या जागी, जवळपास एकाच उंचीवर. कुपी शाबूत, आतलं सगळं ठीक. पुढे बरीच वर्षं अभ्यास झाला आणि संशय गेला बाहेरच्या सेन्सरांवर आणि त्यांच्या वायरिंगवर.

बंदरकाठ_रत्नागिरी:

बघा! आधी वायरीचं आवरणच जातं.

मालवणी_मेवा:

माका एक सांगा. आज त्येच यान नवीन करून धाडला तर किती टिकतला?

सर्किट_चिपळूण:

मेवा, इथेच खरी मजा आहे. आज विचार बदललाय. चिपला थंड ठेवायच्या ऐवजी गरमच राहू द्यायची. सिलिकॉनऐवजी सिलिकॉन कार्बाइड वापरायचं, त्यात उष्णतेने इलेक्ट्रॉन इतक्या सहज सुटत नाहीत. क्लीव्हलँडला नासाचं ग्लेन केंद्र आहे. तिथे शुक्राची हवा, दाब आणि ४६० अंश तापमान बनवणारी टाकी आहे. तिच्यात त्यांनी अशा चिपा कुठल्याही आवरणाशिवाय, उघड्या ठेवल्या आणि त्या ५२१ तास चालल्या. म्हणजे तीन आठवड्यांच्या वर.

पण त्या चिपा अगदी साध्या, मोजक्या ट्रान्झिस्टरच्या. मोबाइलमधल्या प्रोसेसरची अपेक्षा धरू नका. कॅमेरा चालवायचा म्हटलं तर अजून खूप बाकी आहे.

बंदरकाठ_रत्नागिरी:

वा! म्हणजे पेटीच काढून टाकायची. मग माझा पुढचा प्रश्न, विजेचं काय? ढगाळ उजेडात सोलर पॅनल किती देणार? आणि मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांवर होती तशी प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारी बॅटरी इथे चालेल का?

अलिबागची_अनु:

तिथेही अडचण आहे. तसली बॅटरी गरम बाजू आणि थंड बाजू यांच्या फरकावर वीज बनवते. मंगळावर थंड बाजू आपोआप थंड. शुक्रावर थंड बाजूच ४६० अंश. फरकच उरत नाही, उरवायचा तर गरम बाजू भयंकर तापवायला हवी. सोलर ढगांच्या वर ठीक. १९८५ च्या जूनमध्ये व्हेगा यानांनी हीलियम भरलेले दोन फुगे साधारण ५४ किलोमीटर उंचीवर सोडले होते. तिथे दाब आणि तापमान बरंच आपल्यासारखं असतं, फुगे ४६ तासांच्या वर बोलले. पण त्यांच्याकडेही बॅटरीच होती.

सर्किट_चिपळूण:

बरोबर. म्हणून जमिनीसाठी उलट्या स्वभावाच्या बॅटऱ्यांचा विचार होतो. सोडियम-सल्फर बॅटरी ३०० अंशांच्या वर तापल्यावरच काम करते, थंडपणी निपचित पडून असते. शुक्रावर तिला तापवायचा खर्च शून्य.

दापोलीची_आई:

लेकीने हे सगळं ऐकून विचारलंय की मग यान पृथ्वीवर तपासणार कसं, बॅटरी तर इथे चालणारच नाही. मला उत्तर देता आलं नाही.

बंदरकाठ_रत्नागिरी:

तिला सांगा, प्रश्न लाखमोलाचा आहे. भट्टीत घालून तपासायचं. सर्किटने वर टाकी सांगितली ना, तसल्या टाकीत आधी शुक्र तयार करायचा आणि मग यान आत सोडायचं. व्हेनेराच्या काळीही असंच केलं. लाव्होच्किन कारखान्यात बाबाकिन नावाचे मुख्य अभियंता होते, १९६५ नंतर हे काम त्यांच्याकडे आलं. त्यांच्या लोकांनी कुप्या गरम दाबाच्या टाकीत घातल्या आणि मोठ्या चक्रावर गरगर फिरवल्या. यान सेकंदाला ११ किलोमीटर वेगाने हवेत शिरतं तेव्हा वजन काही शे पट होतं, ते सोसतं का बघायला. त्याआधीच्या यानांची एवढी कडक परीक्षा झालीच नव्हती. व्हेनेरा ३ शुक्रावर पोचणारं पहिलं यान, पण पोचण्याआधीच त्याचा संपर्क तुटलेला होता.

दापोलीची_आई:

सांगितलं. आता विचारतेय की ती टाकी आतून बघायला खिडकी कशाची असते.

सर्किट_चिपळूण:

उद्या सविस्तर लिहितो, आत्ता आमच्याकडे लाइट गेलीय आणि मोबाइलला चार टक्केच उरलेत.